मदरसा-पाठशाळेतून आरोग्यसेवक घडवायचे तर काय शिकवता येतं, काय नाही?

सडा_आणि_खाडी (मंडणगड)

सलाम, नमस्कार. आमच्या पट्ट्यातल्या एका निवासी दारुल उलूमच्या (मोठ्या मदरशाच्या) विश्वस्तांपुढे प्रस्ताव आलाय. आलिमच्या (धर्मपंडित होण्याच्या शिक्षणाच्या) वरच्या वर्गातली मुलं आणि मुलींचा विभाग, दोघांना वर्षभराचा 'आरोग्यसेवक' कोर्स द्यायचा आणि शेवटी संस्थेच्या शिक्क्याचं सर्टिफिकेट. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब, पावसात रस्ता कधी बंद पडेल सांगता येत नाही, त्यामुळे गरज खरी आहे. शेजारच्या गावातली वेदपाठशाळाही सोबत यायला तयार आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत:

१. अशा सर्टिफिकेटला किंमत काय? पुढे नर्सिंगला जाता येईल का?
२. वर्षभरात नेमकं काय शिकवावं? एका विश्वस्तांचं म्हणणं आहे की इंजेक्शन आणि सलाईन लावता आलं पाहिजे, नाहीतर लोक विचारणार नाहीत.
३. मुलींना आशा म्हणून लावता येईल का?

कोकणातलं माहीत असलेल्यांनी सांगावं. 'चांगला उपक्रम, शुभेच्छा' एवढंच लिहू नका.

---

सुरंगी

आधी इंजेक्शनचं, कारण तिथेच संस्था अडकेल. नोंदणी नसताना उपचार करणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा आहे. गावात याच कलमाला 'बोगस डॉक्टरचं कलम' म्हणतात. तुमच्या शिक्क्यावर विसंबून एखाद्या मुलाने सलाईन लावलं आणि पेशंट दगावला, तर तो मुलगा आणि विश्वस्त दोघेही गोत्यात. सर्टिफिकेटवर 'नर्स', 'सिस्टर', 'कंपाउंडर', 'हेल्थ वर्कर' यातलं काहीही छापू नका. 'प्रथमोपचार व समुदाय आरोग्य प्रशिक्षणात सहभाग' एवढंच लिहा आणि किती तास, कोणते विषय ते मागच्या बाजूला छापा.

नर्सिंगला जाता येतं, पण त्याचा रस्ता तुमच्या कोर्समधून नाही, दहावी-बारावीतून जातो. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा त्यातून वगळल्या गेल्या. परिणाम असा की मूल आठ-दहा वर्षं शिकतं, हाफिज (कुराण पाठ असलेलं) होतं, आलिम होतं आणि बाहेर पडताना हातात शाळेचा एकही कागद नसतो. आरोग्यक्षेत्राचं दार तिथेच बंद होतं. तुमच्या संस्थेला या क्षेत्रात एकच काम करायचं असेल, तर हे दार उघडा. वर्षभराच्या कोर्सपेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

दोन वाटा आहेत. एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी. दुसरी एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय): दहावीला वय १४ पूर्ण, पाच विषय, पासिंग ३३ टक्के, एकदा नोंदणी केली की पाच वर्षांची मुदत, परीक्षा वर्षातून दोनदा. उर्दू आणि मराठी दोन्ही माध्यमं आहेत. निवासी मदरशाला एनआयओएस जास्त सोयीचं, कारण एकेक विषय सोडवत जाता येतो. दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर मात्र लागतंच.

पुढचं गणित असं:

एएनएम (गावपातळीवरची परिचारिका-प्रसाविका): फक्त मुली, कोणत्याही शाखेची बारावी, दोन वर्षं.
जीएनएम (नर्सिंगची पदविका): मुलंही चालतात, कोणतीही शाखा पण इंग्रजी विषय हवाच, ४० टक्के, तीन वर्षं.
बी.एस्सी. नर्सिंग: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी, खुल्या गटाला ४५ टक्के, चार वर्षं.

किमान वय १७. प्रवेश परीक्षेचे नियम दरवर्षी बदलतात, त्या वर्षीची सीईटी सेलची पुस्तिका बघा.

चुकतं कुठे? विषय निवडताना. पास होणं सोपं म्हणून उर्दू, अरबी, गृहविज्ञान घेतात, इंग्रजी टाळतात आणि बारावीनंतर कळतं की जीएनएम गेलं. दुसरं, नावाचं स्पेलिंग. आधारवर एक, मदरशाच्या रजिस्टरात दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं. हे नोंदणीआधी एका रेषेत आणा, नंतर आयुष्यभर प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. तिसरं, तुमच्याकडे बिहार-उत्तर प्रदेशातली मुलं असतील, तर त्यांचा अधिवास दाखला इथला निघत नाही आणि राज्याच्या कोट्यात ती बसत नाहीत. त्यांना हे आधीच सांगा.

शिक्षक कुठून आणायचे? राज्याची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना २०१३ पासून आहे. विज्ञान, गणित, इंग्रजी, मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांचं मानधन त्यातून मिळतं. २०२४ मध्ये ते डी.एड.साठी ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड.साठी ८ वरून १८ हजार केलं. संस्था धर्मादाय आयुक्त किंवा वक्फ मंडळाकडे नोंदलेली हवी.

आशाचं: ग्रामीण भागात साधारण हजार वस्तीला एक, २५ ते ४५ वयाची, त्याच गावात नांदणारी विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता स्त्री, निवड ग्रामसभेची. अठरा-वीस वर्षांच्या अविवाहित मुलीला तुम्ही 'लावू' शकत नाही. तिला एएनएमकडेच वळवा.

---

चिरेखाण

सुरंगीताईंशी शंभर टक्के सहमत, फक्त पुस्तिकेआधी एक गोष्ट: 'सहा महिन्यांत नर्सिंग' असे बोर्ड लावलेले क्लास चिपळूण-महाडकडेही दिसतात. प्रवेश घेण्याआधी संस्थेचं नाव भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का ते बघायचं. यादीत नसेल तर फी कितीही कमी असो, नोंदणी मिळणार नाही.

---

भरती_ओहोटी

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. वर्षभर कशाला? नेटके ४०-४५ तास पुरतात, पण त्यातले निम्मे हाताने करायचे. प्रत्यक्ष कामावर १८ वर्षांवरचेच पाठवा. आणि विषय देशपातळीवरच्या पुस्तकातून उचलू नका, आपल्या सड्या-खाडीवर (कातळपठारावर आणि खाडीकाठी) माणसं कशाने मरतात ते बघून ठरवा.

साप. कोकणात चारही विषारी साप आहेत: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. त्यात कातळावर, गडग्यात आणि चिऱ्याच्या ढिगात फुरसं फार. शिकवायचं एवढंच: माणसाला शांत आडवं करा, अंगठ्या, बांगड्या, पैंजण, काळा दोरा लगेच काढा (सूज आली की कापावे लागतात), हातपाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैलसर बांधा, चालू देऊ नका, १०८ ला फोन आणि चावल्याची वेळ कागदावर. दोरीने आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, साप मारून आणायचा नाही. घोणस-फुरशाच्या दंशात आवळल्याने विष एका जागी साठतं, मांस सडतं, आणि दवाखान्यात दोरी एकदम सोडली की प्रकृती ढासळते. हे कारण सांगितलं तरच मुलं ऐकतात, नुसतं 'करू नका' सांगून जुनी सवय जात नाही. हिरवा चापडा चावला तर आपल्याकडची प्रतिविषाची लस त्यावर लागू पडत नाही, तरीही नेणं हाच उपाय. साप कोणता हे डॉक्टर ठरवतील.

मण्यारीचं वेगळं सांगतो, कारण तो तुमच्या वसतिगृहाचा प्रश्न आहे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. खूण दिसत नाही, दुखत नाही. पहाटे मुलगा पोट दुखतंय म्हणतो, पापण्या उघडत नाहीत, गिळता येत नाही. लोक पित्त समजतात आणि दोन तास जातात. फज्रला (पहाटेच्या नमाजाला) मूल उठलं नाही किंवा पापण्या जड दिसल्या तर सापाचा संशय घ्यायचा, हे प्रत्येक उस्तादाला पाठ हवं. उपाय स्वस्त आहे: मच्छरदाणी, आणि तिची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली.

विंचू. लाल विंचू चावल्यावर घाम, हातपाय गार, उलटी, छातीत धडधड सुरू झाली तर ती नुसती वेदना नाही, हृदयावरचा परिणाम आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं. पण गोळी देणं डॉक्टरांचं काम. स्वयंसेवकाने ही लक्षणं ओळखायची आणि गाडी काढायची.

बुडणं. इथे बहुतेक प्रशिक्षण चुकतं. शहरात 'फक्त छाती दाबा' शिकवतात, ते हार्ट अटॅकसाठी. बुडालेल्याला प्राणवायूच नसतो, म्हणून आधी श्वास: डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून ५ श्वास, मग ३० दाब आणि २ श्वास. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, उलटी फुफ्फुसात जाते. उलटं टांगून फिरवणं तर अजिबात नाही. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, पुढच्या काही तासांत श्वास बिघडू शकतो.

वाचवणाऱ्याने पाण्यात उडी मारायची नाही. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन, त्याला १५-२० मीटर दोरी. फेकून ओढायचं. असे दोन कॅन जेटीवर आणि दोन मशिदीत टांगून ठेवा.

सराव पुतळ्यावरच घ्या, सहा मुलांमागे एक पुतळा. नेहमीच्या चुका: कोपर वाकवणं, दोन दाबांमध्ये छाती पूर्ण वर येऊ न देणं, आणि गादीवर सराव करणं (गादीच दबते, छाती नाही). दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेल्याचे दाब उथळ पडतात आणि त्याला ते कळत नाही.

जुलाब. ओआरएसचं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं, ते पूर्ण १ लिटरमध्ये. घरोघरी काय होतं? 'थोडंच लागेल' म्हणून पेल्यात अर्धं पाकीट. पाणी खारट, मीठ जास्त, बाळाला अपाय. एक लिटरची पाण्याची बाटली हेच माप ठेवा. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या. लहान पाकिटं २०० मिलीची येतात, त्यामुळे पाकिटावरचं माप वाचायला शिकवणं हा धड्याचाच भाग. झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवर २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांना १०. जुलाब थांबले की आया बंद करतात, म्हणून चौदाव्या दिवशी चक्कर हवी.

विहीर. हा धडा मुलांना सगळ्यात आवडतो, आणि हौजासाठीही (मशिदीतल्या पाण्याच्या टाक्यासाठी) लागतो. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास × व्यास × खोली × ०.७८५ × १००० म्हणजे लिटर. ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी: सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत खाली सोडा आणि वरखाली करत ढवळा. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही. निदान तासभर पाणी उपसायचं नाही, म्हणून इशानंतर (रात्रीच्या नमाजानंतर) टाकणं बरं. सकाळी क्लोरीन तपासा, ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर मिळालं पाहिजे. मिळालं नाही तर नव्वद टक्के वेळा कारण पावडर: जून-जुलैच्या दमटीत उघडी राहिलेली गोणी मेलेली असते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल, लघवी कमी, तर त्याच दिवशी केंद्रात. पॅरासिटामॉल घेऊन तीन दिवस वाट बघण्यातच माणसं जातात. प्रतिबंधाची डॉक्सीसायक्लीन द्यायची की नाही ते आरोग्य खातं ठरवतं, मुलांनी वाटायची नाही. पायावरची जखम झाकून चिखलात उतरा, एवढं मात्र ती सांगू शकतात.

बीपी मशीन आणि ग्लुकोमीटर घ्यायचेच असतील तर आधी विल्हेवाट ठरवा. लॅन्सेट (बोट टोचायची सुई) एकाला एकच, वापरून झाली की सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात, डबा उपकेंद्रात जमा. हे लेखी ठरलं नसेल तर ग्लुकोमीटर घेऊ नका. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं बसवा, मोजताना बोलू देऊ नका, दंड हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दाखवतो.

---

सडा_आणि_खाडी

हे छापून विश्वस्तांना देतो. एक शंका. 'इंजेक्शन नाही तर लोक विचारणार नाहीत' याचं काय करायचं? मग मदरशाने करण्यासारखं असं काय आहे जे आशाताई किंवा आरोग्यसेवक करू शकत नाही?

---

गुलमोहर_दापोली

आहे ना. रमजान.

मधुमेही माणूस रोजा सोडायला डॉक्टरच्या सांगण्याने तयार होत नाही, आलिमच्या सांगण्याने होतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडायचा, मग इफ्तारला दहा मिनिटं उरलेली असोत. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, यावर उलमांचं (धर्मपंडितांचं) बहुतांशी एकमत आहे, पण ते मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या जागेवरून) सांगितलं गेलं तरच लोक दुपारी तपासतात. इन्सुलिन आणि गोळ्यांच्या वेळा बदलणं डॉक्टरचं काम, त्यासाठी रमजानआधी सहा ते आठ आठवडे भेट हवी. म्हणजे घोषणा रजब-शाबानमध्ये (रमजानआधीच्या दोन महिन्यांत). चंद्र दिसल्यावर जाहीर करून उपयोग नाही.

दुसरं गुस्ल. मय्यतीला अंघोळ घालणारे सहसा मदरशात शिकलेलेच असतात. हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन, पोट जोरात दाबायचं नाही, नंतर जागा १ टक्का क्लोरीनच्या पाण्याने धुवायची (लिटरला ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर). बायकांच्या गुस्लसाठी मुलींच्या विभागात हे वेगळं शिकवा, तिथे पुरुष प्रशिक्षक चालणार नाही.

तिसरं खतना (सुंता). मुलांनी खतना करायला शिकायचं नाही. विचारायला शिकायचं: घरात, विशेषतः आईच्या बाजूला, कुणाचं रक्त न थांबण्याचा त्रास आहे का? मामाला, मावसभावाला? उत्तर 'हो' असेल तर हिमोफिलियाची तपासणी झाल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही. हा एक प्रश्न आशाताई सहसा विचारत नाहीत, कारण त्यांना खतन्याची तारीखच कळत नाही. इमामाला कळते.

वेदपाठशाळेचंही असंच काहीतरी निघेल. एकादशी, चातुर्मासाचे उपास, आणि उपासाला गोळ्या न घेणारे आजोबा.

---

वेंगुर्ल्याचा_दिवा

इतिहासाकडे बघितलं तर इंजेक्शनवाल्या विश्वस्तांना उत्तर सापडेल. धार्मिक संस्थांनी आरोग्य कर्मचारी घडवले हे खरं, पण कशाच्या जोरावर? मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांचं रुग्णालय १८९४ मध्ये उभं राहिलं, आणि परिचारिकांचं प्रशिक्षण १८९७ मध्ये. वेल्लोरला आयडा स्कडर यांचा दवाखाना आधी, नर्सिंग शाळा १९०९ मध्ये. आमच्या वेंगुर्ल्यातही त्याच प्रेस्बिटेरियन मिशनचं रुग्णालय होतं. प्रत्येक ठिकाणी आधी खाट, मग वर्ग. मुली खाटेशेजारी, अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली शिकल्या. आजही जीएनएम शाळेला स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय लागतं आणि विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, ते याच कारणासाठी.

मुस्लिम संस्थांचाही हाच अनुभव आहे. लखनौची युनानी वैद्यकाची शाळा तकमील-उत-तिब १९०२ ची. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी १९०९ मध्ये बायकांसाठी वेगळा तिब्बी मदरसा काढला, त्यात दायांचं शिक्षण होतं. तिथेही मतब, म्हणजे रुग्ण तपासण्याची जागा, शिक्षणाला जोडलेली. युनानीच्या बीयूएमएस पदवीला आजही काही कॉलेजांत एक वर्षाचा 'प्री-तिब' मार्ग आहे, मान्य अरबी-फारसी-उर्दू पदव्या असलेल्यांसाठी. जागा कॉलेजमागे जास्तीत जास्त दहा, त्यामुळे सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. पण तुमच्या एखाद्या हुशार मुलासाठी चौकशी नक्की करा.

तुमच्याकडे खाट नाही. म्हणून सलाईन शिकवू नका. विहीर आहे, वसतिगृह आहे, जेटी आहे, मिंबर आहे. जे आहे त्यावर शिकवा.

---

भरती_ओहोटी

वेंगुर्लेकरांच्या शेवटच्या ओळीला जोडून, करायचं कसं ते. कोर्स सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या आणि उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, आरोग्यसेवकाला आणि आशाताईंना पहिल्याच तासाला बोलवा. हे नाही केलं तर आशाताईंना वाटतं त्यांच्या कामावर कुणी आलं, आणि मुलांनी पाठवलेला पेशंट केंद्रात 'कोणी पाठवलं?' या प्रश्नावर अडतो. पाठवणीची छोटी चिठ्ठी छापा: नाव, वय, काय झालं, कधी, काय केलं, कोणी पाठवलं. खालचा अर्धा भाग केंद्राने भरून परत द्यायचा. परत आलेल्या चिठ्ठ्या महिन्यातून एकदा वर्गात वाचायच्या, खरा अभ्यास त्यातच होतो.

दर सहा महिन्यांनी पुतळ्यावर पुन्हा सराव. सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) हाताला राहत नाही, काही महिन्यांत उथळ होतो. ज्यांचा सराव चुकला त्यांचं नाव यादीतून तात्पुरतं काढा, गवगवा न करता.

हायवेलगतच्या गावांना एक भीती असते: अपघातातल्या माणसाला उचललं तर पोलीस मागे लागतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, २०१९ च्या दुरुस्तीपासून. ते मराठीत आणि उर्दूत छापून भिंतीवर लावा.

---

सडा_आणि_खाडी

बैठकीत ठरलं: सर्टिफिकेटवरचा शब्द बदलायचा, सलाईन रद्द, एनआयओएसची नोंदणी आधी. मुलींच्या विभागातल्या चौघींची बारावी झालीय पण दोघींनी इंग्रजी घेतलं नव्हतं. त्यांना आता काय करता येईल?

---

सुरंगी

इंग्रजी नाही, मग जीएनएम सध्या नाही. एएनएमला शाखेची अट नाही, पण त्या वर्षीच्या पुस्तिकेत इंग्रजीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. जीएनएमच हवं असेल तर एनआयओएसला बारावीच्या स्तरावर एकच विषय जादा घेऊन पास होता येतं. इंग्रजीसाठी तेवढाच फॉर्म भरा, आधीच्या बोर्डाची मूळ गुणपत्रिका सोबत ठेवा आणि प्रवेशाच्या वेळी दोन्ही गुणपत्रिका चालतील का ते परिचर्या शिक्षण मंडळाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी 'चालेल' वर विसंबू नका. अधिवास दाखला आणि ओबीसीत बसत असतील तर जातपडताळणी आजच सुरू करा, त्याला परीक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो.